दोन टिंबांचं गाव

"मॅडम, तेजू पोचली न्हाय."

युवराजचा आवाज इतका बारीक झाला होता की उपासनाला आधी वाटलं, रेंज नसेल. ती वर्गातून बाहेर जिन्यात आली. बेळगावात, टिळकवाडीतल्या तिच्या जर्मनच्या क्लासची संध्याकाळची बॅच नुकतीच बसली होती आणि आतून सगळ्यांचा मिळून धडा वाचल्याचा आवाज येत होता.

"पोचली नाही म्हणजे? फ्रँकफर्टला तर सकाळीच उतरली. मला लाल बॅगेसकट फोटो पाठवला तिनं विमानतळावरून."

"ते व्हय. ट्रेनमध्ये बसते म्हणून आम्हाला मेसेज पण आला. त्याच्यानंतर काय न्हाय. आणि आत्ता तिकडच्या दवाखान्यातल्या बाईंचा मेल आलाय. स्टेशनवर उभ्या हायत म्हणे तिला न्यायला. गाडीची वेळ होऊन गेली, पण तेजू उतरलीच न्हाय."

"फोन लागतोय?"

"न्हाय. हितलंच सिम हाय की तिच्याजवळ. तिकडं वायफाय असलं तरच बोलायला येतंय." मग तो म्हणाला, "मॅडम, आई लई घाबरलीया. तुमाला बोलवायला सांगितलंय."

उपासनानं वर्गाला सुट्टी दिली आणि स्कूटर काढली.

तेजस्वी बेळगावजवळच्या मच्छे गावची. आण्णाप्पा आणि मालुबाईंची धाकटी लेक. घरची थोडी शेती. थोरला युवराज गावाशेजारच्या औद्योगिक वसाहतीत, मशीनचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात होता. तेजस्वीनं नर्सिंग केलं, बेळगावातच एका दवाखान्यात नोकरी धरली आणि ड्युट्या सांभाळून उपासनाकडे जर्मन शिकली. पहिल्या आठवड्यात तिला ü हे अक्षर काही केल्या जमत नव्हतं. ओठ 'उ'चे करायचे आणि आतून म्हणायचं 'ई', असं उपासना सांगायची, आणि तेजस्वी हसत सुटायची. "घरी आरशासमोर करत बसले मॅडम, तर आई म्हणते, दाढ दुखती काय गं?" पण महिन्याभरात तिचा ü वर्गात सगळ्यांत स्वच्छ झाला. परीक्षा झाली, मुलाखत झाली आणि जर्मनीत म्युन्स्टर नावाच्या शहरात एका दवाखान्यात तिला नोकरी लागली. कागदपत्रं, विमान, ट्रेन हे सगळं बेळगावच्या एका एजन्सीनं केलं.

खानापूर रस्त्यानं मच्छेकडे जाताना उपासनाला एकच गोष्ट परत परत आठवत होती. निघायच्या आदल्या दिवशी तेजस्वी पाया पडायला आली, तेव्हा तिनंच बजावलं होतं, "उतरलीस की फलाटावरनं हलायचं नाही. कुणी काही म्हणो. दवाखान्याच्या बाई, फ्राऊ लिंडनर येतील, तोवर तिथंच बसायचं." पण हलायला आधी पोरगी उतरायला तर हवी होती.

उपासनाला एकटीनं परक्या गावात उतरणं ठाऊक होतं. तिची आजी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. वडील, बुद्धप्रिय, एका बँकेत लागले. आणि उपासना भाषा शिकता शिकता सहा आठवड्यांच्या अभ्यासाला जर्मनीला जाऊन आली, घराण्यातली पहिली. तिथल्या पहिल्या संध्याकाळी आपण बसस्टॉपवर किती वेळ नुसत्या उभ्या होतो, हे तिनं कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

मच्छेला मालुबाई दारातच उभ्या होत्या. हातात युवराजचा फोन, उलटा धरलेला.

"मॅडम, तुमी बोला की त्या बाईसंगट. तिच्या भाषेत बोला. आमच्या ह्याचं इंग्रजी तिला कळंना झालंय न्हवं, म्हणून तसं लिवलं असंल तिनं."

आण्णाप्पा सोप्यात खुर्चीवर बसले होते. "पोरगी हुशार हाय," ते म्हणाले. "झोप लागली असंल गाडीत. फुडल्या स्टेशनावर उतरून येईल." मग ते उठून घरामागच्या परड्यात गेले आणि काही न करताच परत येऊन बसले.

उपासनानं मेलमधल्या नंबरवर फोन लावला. फ्राऊ लिंडनरनं पहिल्याच रिंगला उचलला. बाई पन्नाशीची असावी, आवाज थकलेला पण नेटका. तिनं सांगितलं ते असं: एजन्सीनं कळवलेल्या वेळेच्या आधीपासून ती म्युन्स्टरच्या स्टेशनवर आहे. पण त्या वेळेला फ्रँकफर्टकडून कुठलीच गाडी आली नाही. त्यानंतरच्या तीन गाड्या तिनं डब्यागणिक पाहिल्या. चौकशीच्या खिडकीवर विचारलं, तर ते म्हणाले, अशा वेळेची गाडी आमच्याकडे नाहीच. "मी पोलिसांकडे जाऊ का?" तिनं विचारलं. "की अजून थोडं थांबू?"

"पाच मिनिटं द्या," उपासना म्हणाली. फोन ठेवून ती युवराजकडे वळली. "एजन्सीचा कागद दाखव."

एजन्सीच्या नावाचा छापील कागद होता. विमान, मग ट्रेन, सगळं मोठ्या इंग्रजी अक्षरांत. शेवटच्या ओळीत फ्रँकफर्ट ते MUNSTER, आणि पोचायची वेळ. गडबड काहीच दिसत नव्हती, पण ती वेळच म्युन्स्टरच्या स्टेशनला ठाऊक नव्हती.

एजन्सीत तिकिटं बघणारा स्वरूप म्हणून एक जण होता. युवराजनं त्याला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"सगळं करेक्ट आहे सर," स्वरूप म्हणाला. "दवाखान्यानं जी फाइल पाठवली, त्यातनंच नाव उचललंय. मी स्वतः केलंय बुकिंग."

"ती फाइल मला पाठवा," युवराज म्हणाला. "आणि खरं तिकीट पण. तुमचा कागद नको."

"आत्ता?"

"आत्ता. माझी बहीण सापडंना झालीया."

"पाठवतो सर," स्वरूप म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला होता.

फाइल आधी आली. युवराजनं लॅपटॉपवर उघडली. दवाखान्याची साधी यादी होती: नाव, हुद्दा, पत्ता, स्टेशन. स्टेशनच्या रकान्यात लिहिलं होतं MÃ¼nster.

उपासनानं तोंडावर हात ठेवला. "हे काय आलंय मधेच?"

युवराज मात्र स्क्रीनच्या जवळ सरकला. "हे मला माहीत हाय," तो म्हणाला. "हे आमच्याकडं रोज येतंय."

"काय येतं?"

"हे भूत. डोक्यावर लाट असलेला ए." त्यानं बोट ठेवलं. "बाहेरच्या देशातनं ड्रॉइंग येत्यात आमच्याकडं. गोल भागाचा व्यास लिवायचा म्हटलं की ओ काढून त्याच्यावर तिरकी रेघ मारत्यात. Ø. ड्रॉइंगमध्ये ती बरोबर दिसती. पण त्याची यादी मेलनं आली आन् आमच्या हितल्या जुन्या प्रोग्रामात उघडली की त्या ओच्या जागी ह्योच लाटवाला ए, आन् त्याच्याफुडं आणि एक कायतरी. सुरवातीला आमी डोकं धरून बसायचो."

"म्हणजे एका अक्षराची दोन होतात?"

"तेच. कॉम्प्युटरला अक्षर कुठं दिसतंय मॅडम, त्याला नंबर दिसत्यात. साध्या ए-बी-सी-डीला एकेक नंबर पुरतो. असल्या येगळ्या अक्षराला नव्या पद्धतीत दोन नंबर लागत्यात, जोडीनं. आता फाइल उघडणाऱ्या प्रोग्रामला ती जोडी हाय हेच ठावं नसलं, तर त्यो एका नंबराचं एक आणि दुसऱ्याचं एक, अशी दोन अक्षरं छापतो. हे बघा, लाटवाला ए, आन् त्याच्यामागं पावची खूण, एक भागिले चार. ही दोन मिळून एकच अक्षर हाय. हितं मूळचं काय असंल?"

"ü," उपासना म्हणाली. "दोन टिंबांचा यू. म्युन्स्टर."

"मग त्या स्वरूपला हे काय दिसलं असंल?"

उत्तर द्यायला स्वरूप फोनवर होताच; युवराजनं तो ठेवला नव्हता. "सर, ते घाण अक्षर होतं," तो म्हणाला. "सगळ्याच फाइलींत येतं तसलं. मी साफ केलं. ते काढून टाकलं आणि तिथं साधा यू घातला. त्यानं काय फरक..."

तो मधेच थांबला, कारण उपासना उठून उभी राहिली होती आणि तिनं जोरात म्हटलं होतं, "तिकीट! तिकीट पाठवा आधी!"

तिकीट आलं. रेल्वेचं खरं तिकीट, जे तेजस्वीच्या फोनमध्ये होतं. त्यावर उतरायचं स्टेशन होतं Munster, टिंबांशिवाय, आणि पुढे कंसात Örtze, तिथल्या नदीचं नाव. कंसातल्या ओवर मात्र दोन्ही टिंबं शाबूत होती. रेल्वेच्या कॉम्प्युटरला आपल्या गावांची नावं नीट येत होती.

"हे वेगळं गाव आहे," उपासना म्हणाली. "म्युन्स्टर नाही, मुन्स्टर. अगदी उत्तरेला, छोटंसं. लष्कराचं ठाणं आहे तिथं. मी नकाशावर बघितलेलं आहे. स्वरूपनं टिंबं काढून शोधलं, आणि रेल्वेनं तसल्याच नावाचं खरोखरीचं गाव काढून दिलं."

"किती लांब हाय?" आण्णाप्पांनी विचारलं.

"ट्रेननं चार-पाच तास."

मालुबाई खाली बसल्या, तिथंच, उंबऱ्याला टेकून. "म्हंजी माझी पोरगी दुसऱ्याच गावात उतरलीया?"

"हो काकू. पण उतरलीय," उपासना म्हणाली. तिला स्वतःलाच ते बोलताना पहिल्यांदा जरा धीर आला. "गाडी चुकली नाही, वाटेत काही झालं नाही. तिकिटावर लिहिलंय तिथंच ती उतरलीय. आणि मी तिला सांगितलंय, हलायचं नाही."

पण स्टेशनवर फोन करून विचारावं, तर तिथं कुणी माणूसच नव्हता. छोटं स्टेशन, तिकिटाचं यंत्र तेवढं उभं. उपासनानं लॅपटॉपवर त्या गावाचा नकाशा मोठा केला. रुळांच्या या बाजूला एक सायकलचं दुकान, बंद. रस्त्याच्या पलीकडे एक बेकरी. फोन नंबर दिलेला होता आणि खाली लिहिलं होतं, चालू आहे.

तिनं नंबर फिरवला. तिसऱ्या रिंगला एका बाईनं बेकरीचं नाव सांगितलं.

"नमस्कार," उपासना जर्मनमध्ये म्हणाली, "मी भारतातून बोलतेय. माझी विनंती जरा विचित्र वाटेल. तुमच्या समोरच्या स्टेशनवर एक मुलगी बसलीय का, बघाल? तिच्याकडे लाल बॅग असेल."

बाईनं काही विचारलं नाही. "थांबा," म्हणाली आणि फोन कशावर तरी ठेवला. दाराची घंटी वाजल्याचा आवाज आला. मग नुसता दुकानाचा आवाज, कपबशीचा, कुणाच्या तरी बोलण्याचा. मच्छेच्या सोप्यात चौघंही फोनकडे बघत होते. मालुबाईंनी युवराजचं मनगट घट्ट धरलं होतं.

घंटी परत वाजली. फरशीवरून चाकांची खडखड ऐकू आली. बाईनं फोन कुणाच्या तरी हातात दिला.

"गुटन टाग," पलीकडून आवाज आला, अगदी वर्गात शिकवला होता तसा, एकेक शब्द सुटा. "माझं नाव तेजस्वी आहे. आपण कोण बोलत आहात, कृपया?"

उपासना म्हणाली, "तेजू, मराठीत बोल गं."

"मॅडम?" आणि पलीकडे एकदम बांध फुटला. "मॅडम, त्या आल्याच न्हाईत ओ! हितंच बसून हाय मी. हलले न्हाय. एकानं विचारलं, कुठं जायचं, मी म्हटलं, कुठं न्हाय, हितंच यायचं होतं. तर त्यो बघतच राहिला. फोन लागंना, वायफाय न्हाय, थंडी लई हाय. तुमाला कसं कळलं मी हितं हाय म्हणून?"

"सांगते सगळं. आधी आईशी बोल."

मालुबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. एवढा वेळ त्या काय काय बोलायचं ठरवत असतील, पण तोंडातून निघालं ते एवढंच: "काय खाल्लीस का?"

"खाल्ले आई. न्हाय, म्हंजी खातेय. ह्या बाईनं केक दिलाय. आणि कॉफी. ही रडतीया बघ माझ्यासंगट."

"तिला रडू नको म्हणावं," मालुबाई म्हणाल्या, आणि स्वतः रडायला लागल्या. आण्णाप्पांनी गळ्यातल्या टॉवेलानं तोंड पुसलं. "म्हटलं न्हवतं मी," ते कुणाला तरी म्हणाले, "हुशार हाय म्हणून." युवराज भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून उभा होता आणि हसत होता.

मग कामं भराभर झाली. बेकरीच्या वायफायवर तेजस्वीचा फोन जागा झाला. उपासनानं फ्राऊ लिंडनरला कळवलं. बाई म्हणाली, "टिंबांशिवाय! अरे देवा, टिंबांशिवाय!" आणि मोठ्यानं हसली. तिनं तिथूनच नवं तिकीट काढून तेजस्वीला पाठवलं. कितीही उशीर झाला तरी मी स्टेशनवर असेन, आणि तुझ्या नावाचा मोठा फलक धरून असेन, असा निरोप दिला. बेकरीवालीनं कुठं कुठं गाडी बदलायची ते कागदावर लिहून दिलं, खिशात पाव कोंबला आणि ती तेजस्वीला डब्यात बसवून आली. जाताना ती म्हणाली म्हणे, वर्षातून एखादा तरी इथं असा चुकून उतरतोच. पण इतक्या शिस्तीत बसून राहिलेली तूच पहिली.

"बोर्ड बघितला नाहीस का गं?" उपासनानं तेजस्वीला गाडीत बसण्याआधी विचारलं. "मोठ्या अक्षरांत नाव असेल की. टिंबं आहेत की नाहीत, एवढं तरी."

"बघितले की मॅडम. टिंबं न्हवती. मला वाटलं, रंग उडाला असंल."

ह्यावर युवराजला असं हसू आलं की त्याला बाहेर जावं लागलं.

स्वरूपचा फोन मधेच येऊन गेला होता. आता परत आला. "मॅडम, सापडल्या?" तो म्हणाला. हो ऐकल्यावर म्हणाला, "मी अजून ऑफिसातच आहे. घरी जायची हिंमत होत नव्हती. माझी चूक झाली."

"चूक झाली," उपासना म्हणाली. "परत तसलं अक्षर दिसलं तर पुसू नका. युवराजला विचारा, मला विचारा. आणि टिंबं टाइप होत नसतील तर यूच्या पुढं ई लिहायचा, जर्मन लोकही तसंच करतात. आता घरी जा."

मालुबाईंनी चूल कधी पेटवली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. भाकरी आणि वांग्याची भाजी ताटात आली, तेव्हा सगळ्यांना एकदम भूक लागली. उपासना जायला निघाली होती, तिला जाऊ दिलं नाही.

"पण मला एक सांगा," मालुबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "एवढ्याशा टिंबानं गावच्या गाव कसं काय बदलतंय?"

उपासनानं ताटातून मान वर केली. "काकू, 'तोंड' शब्दावरचं टिंब काढलं तर काय राहतं?"

मालुबाईंनी मनात लिहून पाहिलं. त्या सातवीपर्यंत शिकल्या होत्या. "तोड," त्या म्हणाल्या. मग परत म्हणाल्या, "तोंड. तोड." आणि तव्यावरची भाकरी उलटून हसल्या. "व्हय की. तोंड धू म्हटलं तर कायतरी तोडायला जाईल माणूस."

"तसंच आहे. आपण वाचताना अंदाजानं सांभाळून घेतो. मशीन घेत नाही. त्याला जे दिलं, तेच ते शोधतं."

"माणूस पण सांभाळून घेत न्हाय कवा कवा," आण्णाप्पा म्हणाले. "मी त्या स्वरूपला सोडणार न्हवतो आज." पण त्यांच्या आवाजात राग राहिला नव्हता. त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली.

गाडी बदलली, दुसऱ्या गाडीत बसले, जागा मिळाली, असे तेजस्वीचे मेसेज एकामागून एक येत राहिले. त्या गाडीत वायफाय होतं. तिनं खिडकीतून दिसणाऱ्या शेतांचे फोटो पाठवले. सपाट, हिरवी, मधेच पवनचक्क्या. आण्णाप्पांनी ते युवराजला मोठे करून दाखवायला लावले आणि बांध कुठं दिसत नाहीत म्हणून नवल केलं. उपासनानं निरोप घेतला, तेव्हा मालुबाई फाटकापर्यंत सोडायला आल्या. आभार वगैरे काही त्या म्हणाल्या नाहीत. उपासनाच्या स्कूटरच्या हँडलला त्यांनी परड्यातल्या वांग्यांची पिशवी अडकवली आणि पिशवी पडणार नाही ना, हे दोनदा हलवून बघितलं.

सकाळी युवराज उठला तेव्हा फोनवर फोटो येऊन पडला होता. एका छोट्या खोलीत तेजस्वी पलंगावर बसलेली, केस विस्कटलेले, शेजारी चष्मा लावलेली एक उंच बाई, दोघींच्या मधे हातानं लिहिलेला फलक. त्यानं फोटो उपासनाला पुढं पाठवला. मग आईला दाखवायला आत गेला.

मालुबाई अजून झोपल्या होत्या. इतकी वर्षं उजाडायच्या आत उठणारी बाई, उन्हं दारात आली तरी कुशीवर वळून गाढ झोपली होती. आण्णाप्पांनी दारातूनच त्याला हातानं थांबवलं, चहाचं आधण त्यांनी स्वतः ठेवलं होतं.

"झोपू दे रं तिला," ते हळू आवाजात म्हणाले.